बोल्टचे आटे कोण बघतं?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘रूपांतर’ हा विषय कळवला, तेव्हा बाकीची मंडळी भाषांतराकडे, स्थलांतराकडे, फार तर सुरवंटाकडे वळली असतील. मी गेलो दापोऱ्याला. बुरहानपूर जिल्ह्यातल्या या गावात एका केळी उत्पादकाचा मुलगा घरी बसून जे काम करतो, ते त्याचे वडील, आप्पा, एका वाक्यात सांगतात, "कम्प्युटरवर यंत्रं हलकी करतो." सॉफ्टवेअर कंपन्यांच्या माहितीपत्रकांत याच कामाचं वर्णन पानभर चालतं आणि तरी काही कळत नाही. आप्पांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

दापोरा केळीच्या पट्ट्यातलं गाव. पटवाऱ्याचा कागद हिंदीत, घरातलं भांडण मराठीत. बुरहानपूर २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळं निघून जिल्हा झालं, पण सोयरिकी आणि शेतीचं सामान दोन्हींसाठी इथल्या लोकांची नजर जळगाव जिल्ह्याकडेच असते. ठिबकच्या नळ्या, टिश्यू कल्चरची रोपं, फिल्टर, खत सोडायची व्हेंच्युरी, सगळं बहुतेक तिकडूनच येतं.

मुलाचं नाव छापायचं नाही असं आधीच ठरलं, कारण ज्या कंपन्यांची कामं तो करतो त्यांच्याशी गोपनीयतेचा करार आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, पुण्यात काही वर्षं नोकरी, टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन घरी आला तो इथेच राहिला. सकाळी बाग, दुपारनंतर कॅड. कारखान्यातले इंजिनिअर यंत्राचं त्रिमित प्रारूप ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतात ते महाग असतं, त्याला दणकट संगणक लागतो. ते यंत्र विकत घेणाऱ्याकडे असतो दहा-बारा हजारांचा फोन. या दोघांच्या मधलं काम याचं. कंपनी कॅडची फाइल पाठवते. तो अशी फाइल परत करतो, जी फोनच्या साध्या ब्राउझरमध्ये उघडते, बोटाने फिरते, आणि एखाद्या भागावर टिचकी मारली की त्याचं नाव आणि नंबर दाखवते.

ओट्यावरचा फिल्टर

मी पोचलो तेव्हा ओट्यावर एक डिस्क फिल्टर उघडून पडला होता, आणि तोच फिल्टर आत लॅपटॉपवर फिरत होता. बाहेरचा आप्पांनी शेतातून धुवायला आणलेला, आतला जळगाव भागातल्या एका मध्यम कारखान्याने पाठवलेला. आकार थोडा वेगळा, जात एकच.

डिस्क फिल्टर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी कथा त्याच्या पोटात आहे. विहिरीचं किंवा नदीचं पाणी ठिबकच्या बारीक छिद्रांत जाण्याआधी गाळावं लागतं. या फिल्टरमध्ये जाळी नसते. मधोमध भोक असलेल्या प्लास्टिकच्या पातळ चकत्या एकावर एक रचून दाबलेल्या असतात. प्रत्येक चकतीच्या दोन्ही अंगांना तिरक्या बारीक चऱ्या. वरच्या चकतीच्या चऱ्या एका दिशेला, खालचीच्या दुसऱ्या. दाबल्यावर त्या एकमेकींना छेदतात आणि मधल्या फटींतून पाणी जातं, कचरा अडतो. ठिबकसाठी सहसा १३० मायक्रॉनची चाळण, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी. धुताना झाकण सोडायचं, चकत्या सैल करायच्या, पाण्याची धार मारायची, पुन्हा बसवायच्या. चूक होते ती शेवटच्या टप्प्यात. झाकणाखालचं रबर खाचेत नीट बसलं नाही की दाबाने पाणी उडतं, किंवा त्याहून वाईट, चकत्यांना वळसा घालून न गाळलेलं पाणी पुढे जातं आणि महिन्याभराने ड्रीपर चोंदलेले सापडतात.

कंपनीला हवं होतं ते एवढंच: फिल्टरवर क्यूआर कोडचं स्टिकर असावं, शेतकऱ्याने फोन धरावा, पडद्यावर फिल्टर उलगडावा, आणि कुठलं रबर कुठे बसतं ते दिसावं. रबर हरवलं असेल तर तिथूनच नंबर घेऊन मागवता यावं. साधी, शहाणी मागणी. त्यासाठी कंपनीने जी फाइल पाठवली ती उघडायला लॅपटॉपला इतका वेळ लागला, की तोवर आप्पांनी बाहेरचा खरा फिल्टर धुऊन परत जोडला.

आकार कसा लिहून ठेवतात

कॅडची फाइल जड का असते, याचं उत्तर ती आकार कसा लक्षात ठेवते यात आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची कॅड सॉफ्टवेअरं एकमेकांच्या फाइली नीट वाचत नाहीत, म्हणून देवाणघेवाणीसाठी ‘स्टेप’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना आहे; आयएसओ १०३०३ या क्रमांकाने तो १९९४ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. स्टेपची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. त्याने मला ती उघडून दाखवली. हजारो ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला # आणि एक आकडा. एका ओळीत बिंदू आणि त्याचे तीन निर्देशांक. पुढच्या ओळीत दिशा. त्यापुढच्या ओळीत लिहिलेलं: दंडगोलाकार पृष्ठभाग, आस अमुक ओळीतली, त्रिज्या ५०. मग एक कडा, जी या पृष्ठभागाला कुठे कापायचं ते सांगते. प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळींकडे बोट दाखवते, जुन्या वाड्यातल्या भाऊबंदकीच्या दस्तासारखी: हा हिस्सा त्या हिश्शाला लागून, तो अमक्याच्या सामाईक भिंतीपर्यंत.

यात एकही चित्र नाही. फक्त व्याख्या आहेत. नळी गोल आहे हे फाइलला ठाऊक आहे, आणि ती शंभर पटींनी मोठी करून पाहिली तरी गोलच राहते. मोटारीच्या पत्र्यासारखे वळणदार आकारही असेच सूत्रांत बसवलेले असतात. त्या गणिताचा पाया रेनोमधल्या पिअर बेझिए आणि सिट्रोएनमधल्या पॉल द कास्तेलजो यांनी घातला. दोघेही फ्रेंच मोटार कंपन्यांचे नोकर. कारखान्यातल्या माणसाला पत्रा वाकवायचा होता, त्यातून हे शास्त्र आलं.

फोनमधल्या चित्र काढणाऱ्या चिपला मात्र व्याख्या कळत नाहीत. तिला त्रिकोण कळतात. एवढंच. तिच्यापुढे जगातली प्रत्येक वस्तू त्रिकोणी ठिकऱ्या जोडून मांडावी लागते. म्हणून रूपांतराचं पहिलं पाऊल म्हणजे सूत्रातला गोल मोडून त्याचे सपाट तुकडे करणं. किती तुकडे, हे माणसाने ठरवायचं.

तुकड्यांचा हिशेब

१०० मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. तिच्या गोलाचे २४ तुकडे केले, तर सरळ तुकडा आणि खरी कमान यांच्यात जास्तीत जास्त ०.४३ मिलिमीटरचं अंतर पडतं. ४८ केले तर ०.११. ९६ केले तर ०.०३ च्या आत. तुकडे दुप्पट केले की चूक चौथाईवर येते, म्हणजे सुरुवातीला थोड्या खर्चात पुष्कळ मिळतं आणि नंतर पुष्कळ खर्चात काहीच दिसत नाही. फोनच्या पडद्यावर हा फिल्टर साधारण ६०० पिक्सेल रुंद दिसतो. एका पिक्सेलच्या वाट्याला मिलिमीटरचा सहावा हिस्सा येतो. ०.११ ची चूक त्याहून लहान. म्हणून ४८ वर थांबायचं. कंपनीतून आलेल्या फाइलचं आपोआप रूपांतर झालं होतं तेव्हा याच नळीचे त्याहून कितीतरी जास्त तुकडे पडले होते. सॉफ्टवेअरला कुणी पडद्याचा आकार सांगितला नव्हता.

इथे एक छान लबाडी आहे. प्रत्येक त्रिकोणाच्या टोकाशी ‘इथे खरा पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून होता’ ही माहिती साठवता येते, आणि ती मूळ सूत्रातून अचूक घेता येते. मग चिप उजेडाची गणितं या दिशेवरून करते आणि सपाट तुकड्यांवरही सावली गोल पसरते. डोळा फसतो. खरं कळतं ते फक्त आकाराच्या बाह्यरेषेवर, आणि तिकडे सहसा कुणी बघत नाही.

चकत्यांचं काय? आम्ही कागदावर हिशेब मांडला. एका अंगाला २०० चऱ्या धरा, अंगं दोन. प्रत्येक चरीला दोन भिंती, एक तळ आणि शेजारचा उंचवटा, मिळून चार पट्ट्या. चरी वळणदार, म्हणून प्रत्येक पट्टीचे दहा तुकडे, प्रत्येक तुकड्याचे दोन त्रिकोण. एका चकतीचे झाले ३२,०००. चकत्या १२०. एकूण ३८ लाखांवर. साध्या पद्धतीने साठवले तर नुसत्या चकत्याच ९० एमबीच्या आसपास, आणि झाकण, कवच, रबर अजून बाकी. शेतातल्या विहिरीजवळ जिथे दोन दांड्यांचं नेटवर्क मिळतं, तिथे हे कोण उतरवून घेणार?

चकत्या सगळ्या सारख्या आहेत, मग एकदाच साठवून १२० वेळा दाखवता येत नाही का, असं मी विचारलं. येतं. फाइल लहान होते. पण फोनला दर चित्राला ३८ लाख त्रिकोण काढावेच लागतात, सेकंदाला निदान ३० चित्रं, आणि फोन तापतो. त्याने केलं ते असं: चकत्यांचा अख्खा ढीग काढून टाकला, जागी एक साधा दंडगोल ठेवला आणि त्याच्यावर चऱ्यांचा भास देणारं एक बारीक चित्र चिकटवलं. ढिगातली वरची एकच चकती खरी, तीही कमी चऱ्यांची. टिचकी मारली की ती वर उचलली जाते, म्हणजे बघणाऱ्याला ‘हो, या सुट्या आहेत’ एवढं कळतं. बोल्टचंही तसंच. एम-१० च्या साध्या बोल्टला दीड मिलिमीटरचा आटा; ३० मिलिमीटर लांबीत वीस वेढे. ते खरे काढले तर एका बोल्टचे साडेसात हजारांवर त्रिकोण. आटे पुसून गुळगुळीत दांडा ठेवला तर शंभर-सव्वाशेत काम भागतं. "बोल्टचे आटे कोण बघतं?" तो म्हणाला. हा प्रश्न त्याला कारखान्याच्या डिझाइन विभागाने अजून माफ केलेला नाही.

गेम बनवणाऱ्यांकडे त्रिकोण आपोआप कमी करणारी साधनं असतात. ती इथे का चालत नाहीत, हेही विचारलं. कॅडमधून निघालेली जाळी विचित्र असते. मोठ्या सपाट भागावर दोन-चार लांबच लांब, सुईसारखे त्रिकोण आणि एखाद्या बारीकशा गोलाईवर हजारो. कमी करणारं साधन अशा सुयांवर अडखळतं आणि सपाट पत्र्यावर सुरकुत्या पाडतं. त्यामुळे जाळी कमी करत बसण्यापेक्षा मागे स्टेपकडे जाऊन, नको ते भाग काढून, ढिल्या मोजमापाने पुन्हा नवीन जाळी पाडणं बरं. कामाचा बहुतेक वेळ हे ‘नको ते’ ओळखण्यात जातो.

हिंजवडीचा वारसा

या कामाची पाळंमुळं मराठी मुलखात बरीच जुनी आहेत. गोदरेजच्या छत्राखाली वाढलेली जॉमेट्रिक ही कंपनी १९९० च्या दशकापासून कॅड सॉफ्टवेअरच्या आतल्या भागांवर काम करत होती, आणि तिचं मोठं केंद्र पुण्यात होतं. फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सबरोबर तिने थ्रीडीपीएलएम ही भागीदारी काढली. पुढे २०१७ च्या सुमारास जॉमेट्रिकचा मुख्य व्यवसाय एचसीएलकडे गेला आणि भागीदारी दासोकडे. इंजिनिअर नसलेल्यालाही कॅडचं काम ई-मेलने पाठवून फिरवून दाखवता यावं, यासाठीचं ‘ई-ड्रॉइंग्ज’ हे सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरचं साधन. इतर कॅड सॉफ्टवेअरांतून त्या फाइली काढण्याची सोय जॉमेट्रिकने विकली. पुण्याच्याच सीसीटेकने व्हॉल्व्हमधून पाणी कसं वाहील याचं गणित ब्राउझरमध्ये करून देणारी सेवा उभी केली. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान उद्योगांच्या फाइली याच शहरात इकडून तिकडे फिरत असतात. दापोऱ्याच्या मुलाने काम शिकलं ते या वातावरणात.

वेबवर त्रिमित वस्तू दाखवायची धडपडही त्याच्या जन्माच्या आसपासची. १९९० च्या दशकाच्या मध्याला व्हीआरएमएल आलं, पण ते बघायला ब्राउझरला वेगळं जोडसॉफ्टवेअर लागायचं, आणि ते लोक बसवत नसत. २०११ मध्ये क्रोनोस या संस्थेने वेबजीएलची पहिली आवृत्ती काढली आणि ब्राउझरला थेट चित्रचिपशी बोलता येऊ लागलं. रिकार्डो काबेयो या स्पॅनिश प्रोग्रामरने सुरू केलेल्या थ्री-जेएसने ते सामान्य प्रोग्रामरच्या हाताशी आणलं. मग राहिला प्रश्न फाइलचा. क्रोनोसनेच २०१५ मध्ये जीएलटीएफ काढलं, २०१७ मध्ये त्याची दुसरी, आज चालणारी आवृत्ती आली, आणि २०२२ मध्ये तिला आयएसओचा शिक्का मिळाला. जेपीईजीने फोटोसाठी केलं ते त्रिमितासाठी करायचं, अशी तिची जाहीर आकांक्षा.

आडवा पडलेला पंप

जीएलटीएफमध्ये मोजमाप मीटरमध्ये असतं आणि ‘वर’ म्हणजे वाय अक्ष. कारखान्यातलं कॅड चालतं मिलिमीटरमध्ये आणि तिथे बहुतेकदा ‘वर’ म्हणजे झेड. रूपांतरात ही गोष्ट कुणी विसरलं की पंप आडवा पडलेला दिसतो आणि ३०० मिलिमीटरचा फिल्टर ३०० मीटरचा होतो. नुसतं पडद्यावर बघताना मापाची चूक कळतही नाही, कारण दाखवणारं सॉफ्टवेअर वस्तू चौकटीत बसवून घेतं. पण हल्ली ‘तुमच्या अंगणात ठेवून बघा’ अशी सोय असते, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या जमिनीवर यंत्र खऱ्या मापात उभं राहतं. तिथे ३०० मीटरचा फिल्टर दिसतच नाही. बघणारा त्याच्या पोटात उभा असतो.

पृष्ठभाग उलटे होण्याचं दुखणं तर रोजचं. प्रत्येक त्रिकोणाला एक पुढची बाजू असते, आणि चिप वेळ वाचवायला मागची बाजू काढतच नाही. कॅडमध्ये दोन पृष्ठभाग नीट शिवले गेले नसतील तर काही तोंडं आत वळतात आणि कवचाला भोकं पडल्यासारखी दिसतात. दोन भाग एकाच पातळीवर एकमेकांना टेकलेले असतील तर चिपला कोण पुढे ते कळत नाही, आणि तिथे झगमग होते.

नावांचा घोळ वेगळाच. डिझाइन विभागात भागांना जी नावं पडतात, ‘बॉडी फायनल टू कॉपी’ वगैरे, ती तशीच शेतकऱ्याच्या फोनवर येऊन चालत नाहीत. शिवाय फोन वेगाने चालावा म्हणून सगळे भाग वितळवून एक जाळी केली तर नावं जातात आणि टिचकी मारून भाग ओळखता येत नाही. सगळे सुटे ठेवले तर चिपला दर भागाला वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि ती थकते. त्याने मधला रस्ता काढला: जे शेतकऱ्याला कधी बदलावं लागतं ते सुटं, बाकी सगळं कवच एकत्र. रबर, स्प्रिंग, चकत्या, झाकण, कडी. यादी आप्पांनी केली. कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत याहून कितीतरी नावं होती, पण बाकीची त्यांनी आयुष्यात कधी मागवली नव्हती.

रंगांचंही तसंच झालं. पहिल्या खेपेला त्याने चमकदार, आरसा लागल्यासारखं प्लास्टिक केलं. घरात सुरेख दिसलं. आप्पांनी फोन घेऊन बागेत नेला, उन्हात धरला, आणि काळ्या पडद्याशिवाय काही दिसेना. आता रंग फिके, सपाट आणि प्रत्येक कडेला गडद रेघ. डोळा यंत्र ओळखतो ते कडांवरून; जाळीत त्या कडा बुजून जातात, म्हणून मूळ कॅडमधून त्या वेगळ्या काढून परत चढवाव्या लागतात.

दाबून लहान करायची साधनंही आहेत. गुगलने २०१७ मध्ये काढलेलं ड्रॅको जाळी फार लहान करतं, पण ती परत फुलवायला फोनच्या प्रोसेसरला मेहनत पडते आणि फुलवणारा प्रोग्रामही आधी उतरवावा लागतो. स्वस्त फोनवर कधी कधी नेटवर्कचे वाचलेले चार सेकंद तिथेच खर्ची पडतात. त्यामुळे तो बऱ्याच वेळा साधा उपाय करतो: बिंदूंचे निर्देशांक ३२ बिटांऐवजी १६ बिटांत लिहितो, दिशाही छोट्या करतो. आकार निम्म्यावर येतो आणि फुलवायला काहीच लागत नाही. ३०० मिलिमीटरचे ६५,५३५ भाग केले तर एक भाग मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाहून लहान. कुणाच्या बापाला फरक दिसणार नाही.

टर्नरची मागणी

बुरहानपूर शहर यंत्रमागांचं. मागाचा एखादा भाग तुटला की मूळ कंपनीकडे कुणी जात नाही. शहरातल्या लेथवर तुटका भाग नेऊन ठेवायचा, कॅलिपर लागतो, संध्याकाळपर्यंत नवा मिळतो. मुलाच्या ओळखीच्या एका टर्नरकडे आम्ही बसलो होतो. त्यांनी वेबवरचं एका पंपाचं प्रारूप फोनवर फिरवून पाहिलं, खूश झाले, आणि लगेच कामाचं विचारलं, "यातून बेअरिंगच्या बोरचं माप काढून दे ना."

काढून दिलं असतं तर घात झाला असता. ४० मिलिमीटरच्या बोरचे जाळीत २४ तुकडे होते. टोकापासून समोरच्या टोकापर्यंत मोजलं तर ४० भरतात. सपाट तुकड्याच्या मध्यापासून समोरच्या मध्यापर्यंत मोजलं तर ३९.६६. बेअरिंगच्या बसणीचा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात चालतो, आणि इथे तिसऱ्या हिश्शाची चूक. शिवाय ते माप किती घट्ट किंवा सैल चालेल, कुठल्या पृष्ठभागाला कसली घासाई लागेल, हे जाळीत कुठेच नाही. बोर ‘बोर’ असल्याचंच तिला ठाऊक नाही. तिच्यापुढे तो ४८ त्रिकोणांचा पट्टा. टर्नरला लागते स्टेपची फाइल, नाहीतर माप लिहिलेलं कागदी ड्रॉइंग. ते कंपनी देणार नाही.

न देण्याचं कारण सरळ आहे. स्टेपची फाइल मिळाली की राजकोटचा किंवा कोइमतूरचा कुणीही उद्या साचा पाडू शकतो. वेबवर ठेवलेली जाळीही ब्राउझरमध्ये पोचली म्हणजे कुणालाही उतरवून घेता येते. तिला कुलूप लावण्याचे जे उपाय सांगतात ते चार दिवस टिकतात. म्हणून रूपांतर करताना आतल्या फासळ्या, भिंतीची जाडी, पाण्याच्या वाटेची गुंतागुंतीची वळणं काढून टाकतात. हलकं करणं आणि लपवणं ही दोन कामं एकाच कात्रीने होतात. कंपनीच्या दृष्टीने उत्तमच. पण शेतकऱ्याला आतलंच बघायचं असतं, रबर आतच बसतं. मग ज्या खाचेत रबर बसतं ती खाच ठेवायची, तिच्या मागची फासळी काढायची, असा प्रत्येक भागागणिक सौदा चालतो. पर्याय आहे: सगळं चित्र सर्व्हरवर काढायचं आणि फोनला नुसतं व्हिडिओसारखं पाठवायचं. वस्तू कधी हातात पडतच नाही. त्याला सतत चांगलं नेटवर्क आणि पैसा लागतो, आणि विहिरीवर दोन्ही नसतात.

लेथच्या दुकानातून निघताना माझ्या मनात याच शहरातली एक उलटी गोष्ट आली. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, विहिरीसारख्या कुंड्यांच्या माळेने शहरात आणलं. तो कुंडी भंडारा, ज्याला खूनी भंडाराही म्हणतात, २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेला. तो वेबवर फिरवून दाखवायचा म्हटला तर कॅड कुठून आणणार? तिथे आधी लेझरने कोट्यवधी बिंदू मोजावे लागतील, त्या बिंदूंवर जाळी चढवावी लागेल, आणि वाकड्या भिंतींना गोल म्हणायचं की नाही हे कुणीतरी ठरवावं लागेल. फिल्टरच्या फाइलला सगळं ठाऊक असतं आणि आपण विसरायला लावतो. भंडाऱ्याच्या बिंदूंना काहीच ठाऊक नसतं.

दोन फाइली

या कामाचे पैसे प्रारूपागणिक मिळतात. मोठ्या कंपन्यांनी रूपांतराच्या यंत्रणा सर्व्हरवर बसवल्या आहेत. ऑटोडेस्कच्या सेवेला फाइल चढवली की थोड्या वेळात ब्राउझरमध्ये दिसायला लागते, आणि इंजिनिअरने इंजिनिअरला दाखवायचं असेल तर ती पुरेशी आहे. ओपन कॅस्केडसारखं मुक्त गणितइंजिन तर आता ब्राउझरच्या आतच चालवता येतं, स्टेपची फाइल थेट तिथे फुटते. आपोआप होणारं काम वाढत जाणार, हे त्याला माहीत आहे. त्याला पैसे मिळतात ते उरलेल्या भागाचे: काय टाकायचं आणि कुणासाठी. फिल्टर बागेत धुणारा माणूस त्याच्या घरातच आहे, ही त्याची खरी भांडवली गुंतवणूक, असं मी म्हटलं तर आप्पा म्हणाले, "मग आम्हाला पण पैसे पायजे."

फिल्टरचं काम मंजूर झालं, फाइल तीन एमबीच्या आत बसली, स्टिकर छापायला गेलं. मग कारखान्याच्या डिझाइन विभागातून फोन आला की बोल्टला आटे नाहीत, प्रदर्शनात ठेवलं तर खोटं वाटेल. वाद घालण्यात त्याला रस नव्हता. त्याने दुसरी फाइल करून दिली: सगळे आटे, बऱ्याच चऱ्या, चमकदार प्लास्टिक, मोठ्या पडद्यासाठी. दोन्ही फाइलींची नावं वेगळी ठेवली, कुठली कशासाठी ते लिहून पाठवलं. कारखान्याचे मालक भेटेल त्याला फोनवर आवर्जून फिल्टर दाखवतात, ती फाइल आटेवालीच असते. अडकत अडकत चालते म्हणून त्यांची तक्रार आली आहे, आणि ती दुरुस्त करायचं काम दापोऱ्याला येऊन पडलं आहे. त्याचे पैसे वेगळे लागतील, असं त्याने कळवलंय.